तळ्यातला करंट

"अहो, ही कवटी हासून काहून राह्यलीय?" साधनानं विचारलं.

कल्याणनं ब्रश बाजूला धरून पाहिलं. कवटी खरंच हसत होती. गावातल्या विजेच्या डीपीवर धोक्याची जी पाटी असते, ती मनात आठवून त्यानं लाल ऑइलपेंटनं डब्यावर चित्र काढलं होतं. पण दात काढताना ब्रश जरा वर सरकला आणि कवटी लग्नघरातल्या मामासारखी प्रसन्न दिसायला लागली.

"हासू दे. खाली दोन हाडं काढली की भ्या वाटंल."

"कुणाला? आत बॅटरीच ठेवायची ना?"

"ते तुला अन् मला माहीत. चोराला कुठं माहीत हाय?"

डबा म्हणजे बॅटरी बॉक्स. जाड काळं प्लास्टिक, वर उचलायला कडी, एका अंगाला लाल आणि काळा असे दोन बोल्ट, मोबाईल लावायला दोन भोकं आणि बटण दाबलं की बॅटरीत किती दम आहे ते सांगणारी इवलीशी काच. आत बॅटरी ठेवायची, झाकण आवळायचं, बोल्टांना मोटरच्या वायरी जोडायच्या. मोटर म्हणजे एक लांब दांडा आणि त्याच्या खालच्या टोकाला पंखा. तो पाण्यात फिरला की लहान होडी आवाज न करता पुढं जाते. हे सगळं कल्याणनं मोबाईलवर इतक्या वेळा पाहिलं होतं की साधनाला तो पंखा झोपेतसुद्धा फिरताना दिसायचा.

धावड्याच्या अलीकडच्या या गावात एवढा खटाटोप कुणी केला नव्हता, कारण गावच्या तळ्यात मासेच कुणी पाळले नव्हते. कल्याण जालन्याला सळयांच्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहायचा. त्या नोकरीवर तुळशीपत्र ठेवून तो गावी परतला आणि ग्रामपंचायतीकडून एका हंगामापुरतं तळं मागून घेतलं. मासे जमले तर पुढंही तळं त्याच्याकडंच राहणार होतं. नाही जमले तर पुन्हा भट्टी आणि साधनाला पुन्हा ती पत्र्याची खोली, जिच्यात उन्हाळ्यात भाकरी तव्याशिवाय भाजली असती.

मासे तर मजेत वाढत होते. अडचण होती त्यांना जेवायला घालायची. आजवर कल्याण थर्माकोलच्या लादीवर पोटावर झोपून हातांनी पाणी मारत तळ्याच्या मध्यापर्यंत जायचा. गेल्या महिन्यात लादी मधोमध तुटली. त्या दिवशी माशांना अख्खं पोतं मिळालं आणि कल्याणला नाकातोंडात पाणी. तेव्हापासून साधनानं हट्ट धरला, होडी आणा नाहीतर मासे सोडून द्या.

होडी आली, मोटर आली, डबा आला. बॅटरी तेवढी राहिली होती. ती पुंजारामच्या शेतात होती.

पुंजाराम म्हणजे कल्याणचे वडील. त्यांच्या मक्यात रानडुकरं शिरायची, म्हणून शेताभोवती तार ओढून त्यांनी झटका मशीन बसवलं होतं. डुकराचं नाक तारेला लागलं की मशीन असा झटका देतं की डुक्कर आल्या वाटेनं परत जातं. ते मशीन बॅटरीवर चालायचं. कल्याण म्हणाला, "आबा, चार दिवस तुमची बॅटरी नेतो. पहिले मासे निघाले की नवी आणतो." पुंजाराम काहीच बोलले नाहीत. कल्याणनं तो होकार धरला आणि बॅटरी आणून डब्यात बसवली. पुंजारामच्या घरात राहून इतक्या वर्षांत त्याला हे कळायला हवं होतं की त्यांचा होकार मोठ्यानं असतो आणि नकार असा गप्प असतो.

टेम्पोवाल्यानं होडी थेट तळ्याच्या काठाला उतरवली. कल्याणनं ती पाण्यात ढकलून लांब दोरानं चिंचेच्या मुळाला बांधली, मोटर लावली, कवटीचा डबा आत ठेवला, वायरी आवळल्या. आता मोटरचं बटण दाबणार, तोच काठावरून पुंजारामचा आवाज आला.

"आज न्हाई. आवस लागली."

"आबा, आवस उद्या हाय ना?"

"लागली म्हणतो ना. नवी चीज आवसंला चालू करायची न्हाई. परवा कर."

या एका बाबतीत साधनाही सासऱ्यांच्या बाजूची होती. त्यामुळं होडी दोन दिवस तशीच पाण्यात उभी राहणार, हे ठरलं. आणि गावात सध्या विहिरीवरच्या मोटरींच्या केबली चोरीला जात होत्या. कवटीवर कल्याणचा फारसा विश्वास उरला नव्हता. म्हणून संध्याकाळी तो एसटी थांब्यावरच्या टपरीवर गेला आणि कुणी विचारलेलं नसताना सुरू झाला.

"तळ्याकडं फिरकू नका रे कुणी. होडीत करंटचा डबा ठिवला हाय. हात लागला की माणूस चिकटला म्हणून समजा."

"काय सांगतो! पाण्यात बी उतरतो का?" म्हशीवाल्या सांडूनं विचारलं. त्याची म्हैस रोज तळ्यात बसायची.

इथं कल्याणनं 'नाही' म्हणायला हवं होतं. पण चांगली रंगत चाललेली थाप मधेच तोडणं माणसाला जमत नाही. त्यानं चहाचा घोट घेतला, मान हलवली आणि म्हणाला, "आता मी काय सांगू? सांभाळून राहा म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशी तो हार आणि नारळ आणायला भोकरदनला गेला.

इकडं सकाळी आसराबाई धुणं घेऊन तळ्यावर आल्या. पाण्यातल्या साती आसरा देवतांच्या नावावरून जिचं नाव ठेवलेलं, ती बाई पाण्याला भिणारी नव्हती. पण टपरीवरची बातमी रात्रीच घरोघर पोचली होती. आसराबाई उकिडव्या बसून धुवत होत्या, धुता धुता होडीकडं पाहत होत्या. घोंगडी पिळायला आली तोवर त्यांचा डावा पाय बसून बसून बधिर झाला होता. त्यांनी तो पाण्यात टाकला. पायातून सरसरून मुंग्या आल्या. आसराबाईंनी दचकून वर पाहिलं, तर समोरून कवटी हसत होती.

"अगं माय! करंट लागला! मेले मी मेले!"

घोंगडी पाण्यात, बादली काठावर आणि आसराबाई बांधावर. त्यांची किंकाळी इतकी जोरदार होती की तळ्यात डोळे मिटून बसलेली सांडूची म्हैस उठली आणि आपणहून बाहेर आली.

आता इतर कुठल्या गावात याला कुणी पुरावा म्हटलं नसतं. पण सांडूची म्हैस गावाला ठाऊक होती. तिला पाण्यातून बाहेर काढायला रोज दोन माणसं, एक काठी आणि सांडूच्या तोंडच्या शिव्या लागायच्या. ती म्हैस भरदुपारच्या आत स्वतःहून बाहेर आली, म्हणजे पाण्यात काहीतरी होतंच. सांडू तिच्या पाठीवरून हात फिरवत रडवेला झाला. "थरथर कापून राह्यली हो! मुकं जनावर, कुणाला सांगंल?"

म्हैस माशा हाकलायला कातडी हलवत होती, पण त्या वेळी हे सांगण्यात अर्थ नव्हता.

मग वसंताला बोलावणं गेलं. वसंता मोटरी भरून द्यायचा, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचा, त्यामुळं विजेचा शेवटचा शब्द त्याचाच असे. त्यानं खिशातून टेस्टर काढला, रबरी चप्पल पायात आहे ना ते पाहिलं आणि हात लांब करून टेस्टरचं टोक पाण्यात बुडवलं. सगळे श्वास रोखून पाहत राहिले. टेस्टर पेटला नाही.

"न्हाई ना करंट?" सांडूनं विचारलं.

वसंतानं टेस्टर उलटा करून पाहिला, कानाशी हलवला. त्याचा चेहरा पडला. "टेस्टरच गेला."

"म्हंजी?"

"म्हंजी एवढा जबर करंट हाय, की टेस्टरनं जीव सोडला."

हे ऐकून लोक मागं सरकले. ज्यांनी सकाळी तोंड धुतलं होतं त्यांना गालाला काहीतरी जाणवायला लागलं. आणि मग कुणाच्या तरी ध्यानात ते आलं, जे आल्यावर गावाची खरी गाळण उडाली. पिण्याच्या पाण्याची विहीर तळ्याच्या बांधाखालीच होती. तळ्याचंच पाणी झिरपून विहिरीत यायचं, विहिरीतून टाकीत, टाकीतून नळाला.

"नळाला करंट!"

अर्ध्या तासात गावातल्या निम्म्या बायांना स्टीलच्या हंड्याचा झटका बसला. उरलेल्यांनी हंडा उचललाच नाही. कुणाचा चहा गॅसवर तसाच थंड झाला, कुणी अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आलं. सरपंच नंदाबाई भाकरी टाकत होत्या. त्या पिठाच्या हातानं उठल्या आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आल्या. व्हॉल्व्ह लोखंडी होता, म्हणून आधी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली.

कल्याण भोकरदनहून काळीपिवळीतून उतरला, तेव्हा त्याच्या एका हातात झेंडूचा हार होता आणि चेहऱ्यावर हसू. थांब्यावर निम्मं गाव उभं होतं. त्याला क्षणभर वाटलं, आपल्याच स्वागताला आलेत.

"हे काय करून ठिवलं रे कल्याण?" नंदाबाईंनी विचारलं.

"काय झालं, सरपंचबाई?"

"सगळ्या गावाला करंट लागून राह्यला, आन् वर विचारतो काय झालं?"

कल्याणला आधी हसू आलं. मग समोरचे चेहरे पाहून ते आत गेलं. "अहो, ती बॅटरी बारा होल्टची हाय! बारा होल्टचा करंट माणसाला लागतच न्हाई. वायरी हातात धरल्या तरी काही व्हत न्हाई."

"असं?" वसंता पुढं आला. "मंग तुझ्या बापाचं झटका मशीन किती होल्टच्या बॅटरीवर चालतं?"

"बाराच्याच."

"डुकराला लागतो का?"

"लागतो, पण तिथं मशीन असतं मधी. ते करंट वाढवून तारंत सोडतं."

"आन् तुझ्या डब्याला मधी काय जोडलंय?"

"मोटर."

"मोटर म्हंजी मशीनच ना? आन् तारंऐवजी तळं!"

यात कुठंतरी चूक होती हे कल्याणला पक्कं ठाऊक होतं, पण गर्दीत ती नेमकी सापडेना. सांडूनं शेवटचा घाव घातला. "आन् तूच तर सांगितलं टपरीवर! माणूस चिकटतो म्हणाला. तवा खरं बोलत व्हता का आत्ता खरं बोलून राह्यला?"

नंदाबाईंनी जाहीर केलं, "उद्या सकाळी बांधावर बैठक. तोवर पाण्यात कुणी जायचं न्हाई. कल्याणनं बी न्हाई."

घरी साधना चुलीपाशी बसली होती. तिनं हार घेतला, खुंटीला अडकवला आणि शांतपणे विचारलं, "खरं सांगा. लागतो का करंट?"

"न्हाई गं. तुझी शपथ, न्हाई."

"मंग टपरीवर काहून सांगितलं?"

"चोरी व्हईल म्हणून."

साधनानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. करंटचा तिला धक्का बसला नव्हता, नवऱ्याचा बसला होता. "त्या खोलीत मला परत न्यायचं व्हतं तर तसं सांगायचं. मी पेटी भरली असती. एवढ्या मोठ्या गावाला कामाला लावायची काय गरज व्हती?"

कल्याणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भट्टीपुढं इतकी वर्षं उभं राहूनही त्याला कधी इतकं गरम झालं नव्हतं. त्यानं आधारासाठी वडिलांकडं पाहिलं. पुंजाराम खाली मान घालून भाकरी कुस्करत होते.

"आबा, तुम्ही तरी सांगा लोकायला. तुमची रोजची बॅटरी ती."

"मी काय सांगू?" पुंजाराम ताटातच बोलले. "माझ्या बी पायाला लागला."

"तुमच्या? तुम्ही कवा गेल्ते तळ्यावर?"

"गेल्तो आसंच. दुपारून." आणि त्यांनी अर्धी भाकरी तशीच सोडून हात धुतले. हात धुताना तेही तांब्याला धोतराचा सोगा लावून धरत होते.

सकाळी बांधावर सगळा गाव जमला. आंघोळी कुणाच्याच झाल्या नव्हत्या, त्यामुळं सगळेच जरा चिडलेले होते. होडी चिंचेखाली मुकाट्यानं डुलत होती. नंदाबाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांना कल्याणबद्दल राग नव्हता. त्याला तळं द्यावं म्हणून ग्रामसभेत त्यांनीच हात वर केला होता, आणि म्हणूनच आज त्यांची पंचाईत झाली होती.

"हे बघ कल्याण, तू कष्टाळू हायस, त्यात काही शंका न्हाई. पण गाव तहानलेलं ठेवून मासे पोसता येत न्हाईत. होडी बाहेर काढ. मोटर बाहेर काढ. आन् तळ्याचं आपलं ठरलेलं मोडलं म्हणून समज."

"सरपंचबाई, मासे तयार झालेत! पंधरा दिवसांत निघतील!"

"काढ की. पण पाण्यात न उतरता काढ."

बायांच्या घोळक्यात साधना खाली बघत होती. कल्याणनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याच्या अंगात कुठूनसं बळ आलं. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "मी स्वतः जातो. डबा हातानं उचलून आणतो. मला काही झालं तर तुमचं खरं. न्हाई झालं तर माझं."

"अरे नको!" आसराबाई ओरडल्या. "बायकोकडं बघ जरा!"

तोवर तो पाण्यात शिरला होता. बांधावर कुणी डोळे झाकले, कुणी मोबाईल वर धरला. कल्याण कंबरभर पाण्यातून होडीपर्यंत गेला. होडीला हात लावला. बाया किंचाळल्या. काही झालं नाही. त्यानं वायरी सोडवल्या, डबा कडीला धरून खांद्यावर घेतला आणि परत आला.

"बघा! हाय का मी जिता?"

"त्याला न्हाई लागत," सांडू शेजारच्याला म्हणाला. "भट्टीतला माणूस तो. अंग पोलादी झालंय."

कल्याण आता ऐकणार नव्हता. त्यानं डबा बांधावर ठेवला, डब्याचा पट्टा सोडला, आणि बॅटरीवर सरळ दोन्ही तळहात ठेवून दाखवायच्या इराद्यानं झाकण उघडलं.

आत धोंडा होता.

काळाभोर, चांगला वजनदार, गोणपाटात नीट गुंडाळलेला धोंडा. बॅटरीचं नाव नाही. कल्याण खाली बसला. गाव पुढं वाकून पाहू लागलं, मागचे पुढच्यांच्या खांद्यावर चढले.

"चोरी!" अखेर कल्याण ओरडला. "माझी बॅटरी गेली!"

"चोरी काहून?" पुंजाराम गर्दीतून म्हणाले. "मीच नेली. माझीच हाय."

सगळ्या माना तिकडं वळल्या.

"परवा राती डुकरं मक्यात शिरली व्हती. पार आडवी केली मका. मी काल दुपारी आलो, बॅटरी काढली, मशीनला लावली. तुझे मासे काय, पाण्यात हायेत. त्यायला डुकरं खात न्हाईत."

"आबा! मंग हा धोंडा?"

"बॅटरी काढल्यावर होडी एका अंगाला कलली. म्हणून धोंडा ठिवून बराबर केली," पुंजाराम म्हणाले. या भागाचा त्यांना थोडा अभिमान वाटत होता.

"पण आबा, बॅटरी तुम्हीच काढली. तुम्हाला माहीत व्हतं डबा रिकामा हाय. मंग तुमच्या पायाला करंट लागला कसा?"

पुंजाराम गोंधळले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "सगळेच म्हणून राह्यले, लागला लागला. मला वाटलं, थोडा मागं राह्यला असंल."

कल्याण उड्या मारायचा तेवढा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलं ना सगळ्यांनी? काल दुपारपासून या डब्यात बॅटरीच न्हाई! त्यानंतर ज्यायला ज्यायला झटका बसला, त्यायला धोंड्याचा करंट बसला! आन् त्याच्या आधी बी मोटरचं बटण मी कवा दाबलंच न्हाई!"

आता सगळे खाली मान घालतील, कुणी हसेल, कुणी त्याच्या पाठीवर थाप मारेल, म्हणून कल्याण वाट पाहत होता. आसराबाईंनी हळूच डब्यात डोकावलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "बॅटरी नसताना एवढा करंट?"

सगळं गाव एकदमच दोन पावलं मागं सरकलं.

"न्हाई, न्हाई, तसं न्हाई मावशी..."

"थांब!" वसंतानं हात वर केला. त्याला कोडं सुटलं होतं आणि ते सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. "आता माझ्या ध्यानात आलं. वायरी जोडलेल्या, मोटर पाण्यात, आन् डबा रिकामा. मंग त्या वायरी करंट कुठून आणतील? जिथून भेटंल तिथून! जमिनीतून, पाण्यातून, माणसातून."

"म्हशीतून!" सांडू ओरडला. "तरीच काल दूध कमी निघालं!"

"बॅटरी असती तर वायरीचं पोट भरलेलं राह्यलं असतं. उपाशी वायर लई वाईट."

"वसंता, अरे तू मोटरी भरतो ना? कायच्या काय बोलून राह्यला!" कल्याण कळवळून म्हणाला. पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. नंदाबाईंनी कमरेला पदर खोचला होता, आणि तो खोचला की निर्णय झालेला असे.

"बस झालं. या उपाशी वायरी एक घडी बी तळ्यात चालणार न्हाईत. पुंजारामबापू, जल्दी जा आन् बॅटरी घेऊन या."

"आन् माझी मका?" पुंजाराम ओरडले.

"गावाचा जीव मोठा का तुमची मका मोठी? सांडू, तू आजपासून बापूच्या मक्यात राखणीला बसायचं. तुझी म्हैस वाचतीय त्यात." मग त्या कल्याणकडं वळल्या. "आन् तू. बॅटरी बसव, मोटर चालू कर, आन् पाण्यात जेवढा करंट साठलाय तेवढा पंख्यानं हटवून टाक. रोज फिरवायची होडी. एक दिवस बी खाडा केला तर तळं काढून घेईन."

कल्याणनं तोंड उघडलं. त्याला या सगळ्याचं शास्त्र पहिल्यापासून सांगायचं होतं. तेवढ्यात मागून साधनानं त्याचा सदरा ओढला.

"गप बसा," ती कानाशी म्हणाली. "बिलकुल बोलू नका. नुसतं 'हो' म्हणा."

"हो," कल्याण म्हणाला.

पुंजाराम तोंडातल्या तोंडात पुटपुटत बॅटरी घेऊन आले. कल्याणनं ती डब्यात बसवली, झाकण आवळलं, डबा होडीत ठेवून वायरी जोडल्या. साधना खाद्याचं पोतं घेऊन होडीत बसली. कल्याणनं आधी डब्याचं बटण दाबलं, मग मोटरचं. काचेत हिरवा आकडा उमटला, पाण्याखाली पंखा गुणगुणला आणि होडी काठावरून अलगद सुटली. त्या तळ्यात पहिल्यांदाच खरोखरची बॅटरी जोडलेली मोटर चालू झाली होती.

बांधावर आसराबाई पुढं झाल्या. त्यांनी डोळे मिटून एक बोट पाण्यात बुडवलं. मग दुसरं. मग अख्खा हात.

"गेला!" त्या ओरडल्या. "बिलकुल गेला!"

वसंतानं टेस्टर पाण्यात घातला. तो पेटला नाही. "बघा," त्यानं सगळ्यांना दाखवला. "आता करंट न्हाई." सांडूची म्हैस कुणाला न विचारता पाण्यात शिरून बसली. नंदाबाई व्हॉल्व्ह उघडायला निघाल्या, या वेळी पिशवीशिवाय. लोक एकमेकांना सांगत होते की पाणी कसं हलकं हलकं लागतंय.

होडी तळ्याच्या मध्यावर आली. कल्याणनं मोटर बंद केली. इथून काठाला आवाज पोचत नव्हता, म्हणून दोघं पोट धरून हसले. हसता हसता साधनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हंजी न्हाई जायचं ना आपल्याला त्या खोलीत?" तिनं विचारलं.

"कशाला जातो? आता तर गावच जाऊ देणार न्हाई," कल्याण म्हणाला, आणि मासे वर यावेत म्हणून त्यानं रोजच्या सवयीनं पाण्यात हात घालून हलवला.

दुसऱ्याच क्षणी त्यानं तो सर्रकन बाहेर ओढला.

"काय झालं?" साधनानं विचारलं.

"काही न्हाई." त्यानं बोटं पाहिली, पँटीला पुसली. "मासा असंल."

"मासा दिसला का?"

"न्हाई."

"मंग पुन्हा घालून बघा की."

कल्याणनं पाण्याकडं पाहिलं. पाणी शांत होतं. पलीकडं डब्यावरची हिरवी काच चमकत होती. बारा होल्टचा करंट माणसाला लागत नाही, हे त्याला अगदी पक्कं ठाऊक होतं.

"तू घाल," तो म्हणाला.

साधनानं दोन्ही हात पदराखाली घेतले. मग दोघंही होडीच्या मधोमध एकमेकांना चिकटून बसले आणि उरलेलं खाद्य त्यांनी तिथूनच, जरा लांबून, पाण्यात टाकलं.